चव्हाट्यावर आणि चौकात

आपल्या पत्रिकेच्या गेल्या अंकात रस्ते जेथे एकमेकांना मिळतात त्या जागेच्या मराठी नावांविषयी एक टिपण आले आहे. चौक, चौरस्ता, चव्हाटा, तिठा, तिकटी, नाका अशी नावे टिपणकारांनी चिकाटीने गोळा केली आहेत. महाराष्ट्राच्या सीमेबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्या कुटुंबांत असे शब्द कोशापेक्षा घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडीच टिकून असतात आणि ती माणसे गेली की शब्दही जातात. म्हणून या संग्रहाबद्दल टिपणकारांचे आभार मानले पाहिजेत. परंतु संग्रहाच्या शेवटी त्यांनी जे दोन निष्कर्ष काढले आहेत, त्यांविषयी लिहिल्यावाचून मला राहवत नाही. ‘चव्हाटा’ हा शब्द ‘चौ’ आणि ‘हाट’ यांपासून झाला असून त्याचा मूळ अर्थ चौफेर बाजार भरण्याची जागा असा आहे, हा पहिला निष्कर्ष. ही सर्व नावे समानार्थी असल्यामुळे आणि ‘चव्हाटा’ शब्दाला आता बदनामीचा वास लागला असल्यामुळे यापुढे सभ्य लेखनात सर्वत्र ‘चौक’च लिहावे, हा दुसरा. पहिला निष्कर्ष मला चुकीचा वाटतो. दुसरा नुसता चुकीचा नाही, नुकसान करणारा आहे. नुकसान म्हणतो ते अनुभवाने. सदतीस वर्षे सरकारी कचेरीत काढलेल्या माणसाने एकदा नेमके हेच केले होते. ती हकीकत पुढे सांगतो.

आधी व्युत्पत्ती. हाट म्हणजे बाजार हे खरे, आणि हिंदीत ‘चौहट्टा’ हा शब्द बाजाराच्या अर्थाने आहे हेही खरे. पाटण्यात त्या नावाची वस्तीच आहे. पण हिंदीतला चौहट्टा मराठीत आणून बसवण्यापूर्वी मराठी शब्दाचे गणगोत पाहिले पाहिजे. चार वाटांचा जसा चव्हाटा, तसा तीन वाटांचा तिवाटा. तोच झिजून झालेला तिठा आजही सिंधुदुर्गात आणि गोव्यात घरोघरी बोलला जातो. तिवाट्यात ‘हाट’ कोठेच नाही, वाट मात्र स्वच्छ दिसते. कोकणात आणि आमच्या खानापूरच्या घाटमाथ्यावर म्हातारी माणसे ‘चवाटा’, ‘चवाठा’ असेच म्हणत. त्यातही वाटच ऐकू येते. संस्कृत ‘वर्त्मन्’पासून आपली वाट आली आणि चार वाटांपासून चव्हाटा. मग मधला ‘ह’ कोठून आला, असा प्रश्न कोणी करील. हाट शब्दाच्या शेजारामुळे तो आत शिरला असावा असे माझे मत आहे. शेजाऱ्याची एखादी लकब आपल्या घरात शिरते तसे. पण लकब शिरली म्हणून घर शेजाऱ्याचे होत नाही. शिवाय व्यवहार पाहावा. मराठी मुलखात बाजाराच्या जागेला बाजार म्हणतात, पेठ म्हणतात, मंडई म्हणतात. ‘भाजी आणायला चव्हाट्यावर जाऊन येतो’ असे कोणी कधी म्हटल्याचे मी ऐकलेले नाही.

आता समानार्थाचा मुद्दा. येथे कोशापेक्षा व्याकरणाची साक्ष मला जास्त भरवशाची वाटते. आपण चौकात उभे राहतो. चव्हाट्यावर, तिठ्यावर, नाक्यावर, चौरस्त्यावर उभे राहतो. एका शब्दाला ‘त’ आणि बाकी सर्वांना ‘वर’ असे का? कोणी शिकवले नसताना लहान मूलही हा भेद पाळते. कारण सरळ आहे. चौक ही मुळात कशाच्या तरी आतली जागा आहे. संस्कृत ‘चतुष्क’पासून आलेला हा शब्द चार बाजू सांगतो, वाटेचा त्यात उल्लेखही नाही. आपल्या पूर्वजांच्या वाड्यांना चौक असत, एकचौकी, दुचौकी अशी वाड्याची मोजदादच चौकांवरून होई. पावसाचे पाणी चौकात पडे, तुळस चौकात असे, मुंज चौकात लागे. गोंधळी देवीपुढे धान्याचा चौक मांडतो. शाहीर पोवाड्याचे चौक पाडतो. या सर्व चौकांना कडा आहेत, आत आणि बाहेर आहे. शहरे वाढली तेव्हा चारही बाजूंनी इमारतींनी वेढलेल्या मोकळ्या जागेला हाच घरातला शब्द लावला गेला आणि मग तिथून जाणाऱ्या रस्त्यांमुळे तो रस्त्यांच्या मिलनालाही चिकटला. घरातली वस्तू रस्त्यावर येण्याचा हा प्रकार ग्वाल्हेरच्या वाचकांना नवा वाटू नये. लष्करातल्या त्यांच्या सर्वांत गजबजलेल्या चौकाला लोक महाराज बाडाच म्हणतात. कागदोपत्री तो जयाजी चौक आहे. तेथे तर चौकच नव्हे, अख्खा वाडा बाहेर येऊन बसला आहे.

चव्हाटा याच्या उलट. त्याला कडा नाहीत. चार दिशांनी चार वाटा येतात आणि ज्या जागेवर त्यांची गाठ पडते ती जागा कोणत्याच एका वाटेची राहत नाही, म्हणजेच ती कोणाचीच नसते आणि म्हणून सर्वांची असते. ही कल्पना फार जुनी आहे. अमरकोशात शृंगाटक आणि चतुष्पथ हे दोन शब्द जोडीने दिले आहेत. (शृंगाटक म्हणजेच आपला शिंगाडा. शिंगे फुटलेल्या त्या फळावरून रस्त्यांच्या फाट्याला नाव देणारा माणूस डोळस असला पाहिजे.) मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात वाटेत चतुष्पथ लागला तर गाय, देवता, ब्राह्मण यांच्याप्रमाणेच त्यालाही उजवी घालून जावे असे सांगितले आहे, आणि त्याच ग्रंथाच्या नवव्या अध्यायात चोरांवर नजर ठेवण्याच्या जागांत पाणपोई, मद्याची दुकाने यांच्या बरोबरीने चतुष्पथ सांगितला आहे. एकाच जागेला प्रदक्षिणा आणि त्याच जागेवर पहारा. मृच्छकटिकाच्या पहिल्या अंकात चारुदत्त मैत्रेयाला चतुष्पथावर जाऊन मातृदेवतांना बळी ठेवण्यास सांगतो आणि मैत्रेय सांजवेळी तिकडे जायला कां-कूं करतो, कारण त्या वेळी राजमार्गावर नको ती माणसे फिरत असतात. गोविंद बल्लाळ देवलांनी हे नाटक मराठी रंगभूमीवर आणले. देवलांचा शिक्षणाच्या निमित्ताने आमच्या बेळगावशी संबंध आला होता, म्हणून हा प्रसंग आठवताना मला उगाचच आमची जुनी गल्ली डोळ्यांपुढे येते.

पवित्र आणि भीतिदायक या दोन्ही भावना कोकणातल्या चव्हाट्यात अजून जशाच्या तशा आहेत. सिंधुदुर्गात आणि गोव्यात सातेरी, रवळनाथ, वेताळ, भूमका यांच्याबरोबर चव्हाटा हीसुद्धा एक देवता मानली जाते. बहुतेक ठिकाणी तिला मंदिर नसते, एखादा पाषाण असतो, क्वचित तोही नसतो. गाऱ्हाणे घालताना गावकरी तिचे नाव घेतात. शिमग्याचा खेळ तिच्या साक्षीने चालतो. आजारी मुलावरून ओवाळून टाकलेला उतारा तिठ्यावर नेऊन ठेवतात, आणि ठेवणाराने मागे वळून पाहायचे नसते. हा उतारा कोणी चौकात ठेवील काय? घराच्या चौकात ठेवला तर पीडा घरातच राहिली! ‘चौक’ आणि ‘चव्हाटा’ समानार्थी आहेत असे म्हणणाऱ्यांनी एवढ्या एका गोष्टीचा विचार करावा.

चव्हाट्याची बदनामी झाली ती वाक्प्रचारामुळे, हे टिपणकारांचे म्हणणे मान्य आहे. ‘चव्हाट्यावर आणणे’, ‘चव्हाट्यावर मांडणे’ यांखेरीज हा शब्द आता छापून येतच नाही. पक्षातील मतभेद चव्हाट्यावर, भावाभावांचा वाद चव्हाट्यावर, हे मथळे आपण रोज वाचतो. पण वाक्प्रचाराचा अर्थ नीट पाहिला तर त्यात जागेची निंदा कोठे आहे? घरात झाकून ठेवलेली गोष्ट सर्वांची सत्ता असलेल्या जागी आणली, एवढाच तो अर्थ. ज्याला झाकायचे आहे त्याला चव्हाट्याची भीती वाटणार, आणि ज्याचे घरात कोणी ऐकत नाही त्याला तीच जागा आधाराची वाटणार. सासरी गांजलेली सून, वाटणीत डावललेला धाकटा भाऊ यांना शेवटचे दार तेच होते. पूर्वीच्या गावात तक्रार चव्हाट्यावर नेली की चार माणसांना ती ऐकावीच लागे. वृत्तपत्रांनी हा शब्द झाकणाऱ्यांच्या बाजूने वापरला आणि आपण तोच अर्थ खरा धरून चाललो. उलट चौकाला मात्र मान मिळाला. पुतळे चौकात, सत्कार चौकात, फलक चौकात. माझी याबद्दल तक्रार नाही, पण मानाच्या जागेला एक नाव आणि गाऱ्हाण्याच्या जागेला दुसरे अशी विभागणी भाषेने केली असताना पहिले नाव ठेवून दुसरे टाकून द्या, असा सल्ला देण्यापूर्वी गाऱ्हाणे मग कोठे घालायचे तेही सांगावे.

बेळगावचे म्हणाल तर आमच्याकडे हा शब्द पत्त्यातच आहे. चव्हाट गल्ली ही शहरातील जुनी, नांदती गल्ली. तेथल्या मंडळींना आपल्या गल्लीच्या नावाची लाज वाटल्याचे मी तरी पाहिले नाही. फजिती होते ती लिपीमुळे. माझी नात बंगळुरात वाढते आहे. मागे एकदा घरी आलेल्या पाकिटावरचा रोमन लिपीतला पत्ता वाचून तिने विचारले, “आजोबा, या गल्लीतले लोक फार चावट आहेत का हो?” सगळे हसलो. नंतर तिला चव्हाटा म्हणजे काय हे सांगू लागलो तेव्हा लक्षात आले की तिला दाखवायला उदाहरण म्हणून ‘क्रॉस’ याखेरीज दुसरा शब्द माझ्याजवळ उरलेला नाही. तिचे जग मेन आणि क्रॉस यांचे. बंगळुरात लांब रस्ता तो मेन आणि त्याला छेदणारा तो क्रॉस, दोन्हींना क्रमांक. ती पद्धत आता आमच्याकडेही रुळली आहे. भाग्यनगरातले पत्ते असेच क्रॉसच्या क्रमांकाने सांगितले जातात. गंमत अशी की त्याच शब्दाचे आमच्याकडे दोन अर्थ झाले. वसाहतीत क्रॉस म्हणजे आडवा रस्ता, आणि हमरस्त्यावर क्रॉस म्हणजे गावाकडे वळण्याचा फाटा. “क्रॉसला उतर की, मी येतो न्यायला,” असे गावातला माणूस फोनवर सांगतो तेव्हा तो दुसरा अर्थ असतो.

सर्कलचे असेच. राणी चन्नम्मांच्या नावाचे आमचे सर्कल सर्वांना माहीत आहे. तेथे बस थांबते ती ‘सर्कलला’. ‘त’ही नाही, ‘वर’ही नाही, आमच्या बेळगावी बोलीने परक्या शब्दाला ‘ला’ लावून मोकळे केले. कन्नडमध्ये सर्कलला ‘वृत्त’ म्हणतात आणि तसे फलक लागलेले असतात. मराठी शाळेत शिकलेल्या मुलाला वृत्त म्हणजे मंदाक्रांता नाहीतर सकाळच्या बातम्या. त्याने फलक पाहून बुचकळ्यात पडावे यात नवल नाही. पण कन्नडचा तो शब्द त्यांच्या जागी अगदी बरोबर आहे, हेही मी येथे नमूद करतो. कन्नडवर माझी उपजीविका झाली आहे आणि तिच्यातल्या शब्दांना नावे ठेवण्यासाठी मी हा लेख लिहीत नाही. आमच्या शहराची जुनी नावे पाहिली तर दोन्ही भाषा एकमेकींत मिसळलेल्याच दिसतील. बोगारवेस हे नाव घ्या. बोगार म्हणजे तांब्या-पितळेचे काम करणारे, हा शब्द कन्नडचा, आणि वेस दोघींचीही. आता तेथे धर्मवीर संभाजी चौक आहे आणि त्याच जागेला म्हातारी माणसे बोगारवेस म्हणतात, रिक्षावाले दोन्ही समजतात.

इतर गावांतील वाचकांना आपापली उदाहरणे सुचतीलच. बडोद्यात गुजरातीच्या संगतीने मराठी घरांतही ‘चार रस्ता’ म्हणतात. शब्द सरळ, त्यात गैरसमजाला जागाच नाही. तेथील जुन्या शहराच्या चार दरवाजांकडून येणारे रस्ते मांडवीपाशी मिळतात आणि त्या जागेला लोक नुसते मांडवीच म्हणतात, चौक म्हणण्याची गरज कोणाला भासत नाही. इंदूरकर पलासिया चौराह्यावर भेटतात. हैदराबादेत नारायणगुडा चौरस्ता आहे; पाट्यांवर मात्र क्रॉससाठी काढलेल्या फुलीला इंग्रजी अक्षर समजून ‘एक्स रोड्स’ असे वाचण्याची रीत पडली आहे, आणि आता ते चूक आहे असे म्हणण्याचीही सोय नाही. कोल्हापूरने तिकटी जपली आहे. मिरजकर तिकटी, पापाची तिकटी ही नावे बदलण्याची सूचना तेथे कोणी करून पाहावी! फोंड्याचे तिस्क गोव्याच्या वाचकांना सांगायला नकोच. मुंबईचा नाका हा जकातीच्या चौकीपासून निघाला आणि जकात संपली तरी नाका राहिला. या प्रत्येक शब्दाच्या पोटात त्या जागेची एकेक हकीकत आहे. टिपणकारांनी ही नावे गोळा केली आणि शेवटी सर्वांवर ‘चौक’ असा एकच शिक्का मारला, याचे मला म्हणूनच वाईट वाटते.

आता ती हकीकत. १९८७ सालची गोष्ट. मी महसूल खात्यात कारकून होतो. खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून अर्ज आला की गावठाणातल्या मोकळ्या जागेवर एका घरमालकाने भिंत घालण्यास सुरुवात केली आहे. घरमालकाजवळ जुने खरेदीखत होते, मुंबई राज्याच्या काळातले, मराठीत लिहिलेले. त्यातील चतुःसीमेत पश्चिमेस ‘गावचा चव्हाटा’ असे स्पष्ट शब्द होते. म्हणजे मालकी चव्हाट्याच्या अलीकडे संपते. इतके सरळ प्रकरण क्वचितच टेबलावर येते. कागद मराठीत असल्यामुळे कन्नड गोषवारा करण्याचे काम मराठी म्हणून माझ्याकडे आले. माझ्या आधी एका सहकाऱ्याने घाईत भाषांतर करताना चव्हाट्याला ‘वृत्त’ लिहून ठेवले होते. महसुली कामकाजात वृत्त म्हणजे सर्कल, काही गावांचा मिळून होणारा विभाग, ज्यावर एक इन्स्पेक्टर असतो. वरून शेरा आला की पश्चिमेस कोणते सर्कल लागते ते कळवावे. कचेरीत हशा झाला. ती चूक सुधारण्याचा मान मला मिळाला आणि मी मोठ्या आत्मविश्वासाने ‘वृत्त’ खोडून ‘चौक’ लिहिले. कन्नडातही चौक चालतो, साहेबांना कळतो, आणि चव्हाटा हा शब्द सरकारी कागदात बरा दिसत नाही असेही तेव्हा मला वाटले होते. टिपणकारांचे मत मला ओळखीचे वाटले ते यामुळेच.

पुढे प्रकरण वकिलांकडे गेले. घरमालकाच्या वकिलांनी माझा गोषवारा पुढे केला आणि मांडले की दस्तात पश्चिमेस चौक लिहिला आहे, चौक हा घराचाच भाग असतो, अशिलाच्या आजोबांचा वाडा चौकी होता हे गावाला माहीत आहे, तेव्हा भिंत आपल्याच चौकाला घातली जात आहे. युक्तिवाद चलाखीचा होता, पण शब्दाच्या दृष्टीने खोटा नव्हता. ‘त’ आणि ‘वर’ यांतला जो फरक मी वर रंगवून सांगितला, तो त्या वकिलांना माझ्याआधी कळला होता. मूळ दस्त पाहा, असे गावकरी सांगत राहिले. पण गोषवारा सरकारी होता, त्यावर सही-शिक्का होता.

पंचनाम्यासाठी आम्ही गावात गेलो. जागा पाहिली. चार पायवाटा, एक जांभ्या दगडाचा कट्टा, त्यावर घडवलेला नसलेला पाषाण आणि वाळलेल्या नारळाच्या करवंट्या. एका वृद्ध गावकऱ्याचा जबाब मी स्वतः लिहून घेतला. रस्ता कोणाचा, असे विचारले तेव्हा ते म्हणाले, “रस्ता सरकारचा, चव्हाटा गावाचा.” मी लेखणी थांबवली. हे वाक्य कन्नडात कसे लिहावे ते मला सुचेना. ‘रस्ता सरकारचा, चौक गावाचा’ असे लिहिले तर माझ्याच आधीच्या शब्दाने घात होत होता, आणि आधीचा शब्द चुकला असे लिहायचे तर ते वरिष्ठांना पटवून द्यावे लागणार होते. शेवटी मी कन्नड लिपीत ‘चव्हाटा’ असेच लिहिले आणि पुढे कंसात ‘चार वाटा मिळतात ती गावाच्या सामाईक वहिवाटीची, देवाची जागा’ असा खुलासा केला. पहिल्याच दिवशी हे एवढे लिहिले असते तर पुढचे काहीच घडले नसते. सुधारित गोषवारा जोडावा अशी टिपणीही मी ठेवली. ती मंजूर होऊन जागेवर पोहोचायला जो वेळ लागायचा तो लागला. दरम्यान माझी बदली झाली.

बदलीच्या ठिकाणी कळले ते असे की निकाल गावाच्या बाजूने लागला, परंतु तोवर भिंत उभी राहून तिच्यावर पत्रे पडले होते. पाडण्याचा हुकूम आणि पाडणे या दोहोंत किती अंतर असते हे महसूल खात्यातल्या माणसाला सांगायला नको. अखेरीस तडजोड झाली. कट्टा आणि त्याच्याभोवतीची दोन हात जागा मोकळी राहिली, दोन वाटा बंद झाल्या.

सेवानिवृत्तीनंतर २०१९ च्या शिमग्यात मी त्या गावी मुद्दाम गेलो. कोणी ओळखले नाही, ते बरेच झाले. भिंत आहे, तिच्यावर आता मजला चढला आहे. पाषाण आहे, त्याला कोणीतरी लोखंडी जाळी केली आहे. पण शिमग्याचा मेळा तेथे मावत नाही, म्हणून खेळ आता गावाबाहेर, हमरस्त्याला फाटा फुटतो तेथे होतो. मी तिकडे निघालो तेव्हा वाटेत एका मुलाला विचारले, “खेळ कुठं आहे रे?” तो धावता धावता म्हणाला, “चव्हाट्यावर, काका! पुढं, क्रॉसला.” तेथे गेलो तर ढोल वाजत होते आणि डांबरी रस्त्याच्या कडेला नवा नारळ फोडलेला होता. बसथांब्याच्या पाटीवर गावाच्या नावापुढे कन्नड आणि इंग्रजीत ‘क्रॉस’ एवढेच लिहिलेले होते.